पूर्णांकांचे घात: सी, पायथन, जावा, रस्ट यांपैकी कोणाचा हिशेब चोख?

३ चा ३४वा घात १६६७७१८१६९९६६६५६९ येतो. सीमधल्या पॉव फंक्शनचं उत्तर ६४ बिटी पूर्णांकात घेतलंत, तर शेवटी ९ च्या जागी ८ दिसतो. तिनाला तिनाने गुणत गेलो आणि उत्तर सम आलं, असं पाचवीतल्या पोराच्या वहीत दिसलं तर बाई लाल शाई काढतील. इथे मात्र ना एरर, ना वॉर्निंग. जावास्क्रिप्टचंही उत्तर ८ वरच संपतं आणि एक्सेल तर शेवटचे दोन अंक सरळ शून्य दाखवतो. पायथन आणि रस्ट ९ सांगतात.

घात काढायची सोय जवळपास प्रत्येक भाषेत फुकट मिळते, म्हणून तिची पारख कोणी करत नाही. या परीक्षणात वेग आणि सोय नंतर पाहू. पहिला निकष असा, की उत्तर मावत नाही तेव्हा फंक्शन काय करतं? ओरडतं, जास्त जागा घेतं, की गुपचूप चुकीचा आकडा हातात ठेवतं?

तपासायला थोडीच गणितं पुरतात. ५ चा वर्ग, पण दोन्ही आकडे चलांत ठेवून, थेट लिहून नव्हे (कारण पुढे येईल). ३ चा ३४वा घात. ३ चा ३९वा, म्हणजे ४०५२५५५१५३०१८९७६२६७; हा चिन्हासहित ६४ बिटी पूर्णांकात मावतो, कारण तिथली कमाल ९२२३३७२०३६८५४७७५८०७ आहे. ३ चा ४०वा, जो मावत नाही. ९००७१९९२५४७४०९९३ चा पहिला घात. आणि घाताची भाजकाने येणारी बाकी थेट देणारं फंक्शन असेल, तर ५ चा शून्यावा घात, १ ने भागून येणारी बाकी.

सी आणि सी++: पॉव

पॉव हे डबल (अपूर्णांकांसाठीचा ६४ बिटी प्रकार) घेतं आणि डबल देतं. पूर्णांक दिलेत तरी आधी त्यांचा डबल होतो. डबलमध्ये संख्येच्या अंकांसाठी ५३ बिट असतात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचे सगळे पूर्णांक जसेच्या तसे बसतात. त्यापुढे दुपटीपर्यंत फक्त सम संख्या बसतात, मग चारच्या पटीतल्या, आणि असंच पुढे. ३ चा ३३वा घात ५५५९०६०५६६५५५५२३, तो या मर्यादेत आहे. ३४वा बाहेर जातो आणि विषम आहे, म्हणजे डबलमध्ये त्याला जागाच नाही. पॉवने कितीही चोख गणित केलं तरी ८ किंवा ० वर संपणाऱ्या शेजाऱ्यांपैकी एकच निवडता येतो. ९००७१९९२५४७४०९९३ चा पहिला घातसुद्धा ९००७१९९२५४७४०९९२ येतो, कारण चूक गुणाकाराच्या आधीच, डबल करतानाच झालेली असते.

‘माझं तर बरोबर येतं’ म्हणणारे बहुतेक दहाचे घात तपासतात. १० चा १८वा घात डबलमध्ये अचूक बसतो, कारण त्यातला २ चा भाग घातांकात जातो आणि उरलेला ५ चा १८वा घात ५३ बिटांत मावतो. दहाचे घात २२ पर्यंत अचूक आहेत. २३वा मात्र ९९९९९९९९९९९९९९९९१६११३९२ असा साठवला जातो. सातच्या बाबतीत १९व्या घातालाच खेळ संपतो. म्हणून तपासणी विषम पायाने करा.

दुसरी तक्रार जुनी आणि जास्त गाजलेली आहे: ५ चा वर्ग २४. काही जुन्या विंडोज कंपायलरांच्या गणिती लायब्ररीत पॉवचं उत्तर पंचवीसपेक्षा केसभर कमी यायचं. डबलचा पूर्णांक करताना सी अपूर्णांकाचा भाग छाटून टाकते, जवळच्या पूर्णांकाकडे नेत नाही. झाले २४. आर्डुइनो उनोसारख्या एव्हीआर बोर्डांवर हे आजही होतं. तिथे डबलसुद्धा चारच बाइटचा, अंकांसाठी २४ बिट, आणि पॉव लॉगरिदमच्या वाटेने जातं. १० चा वर्ग चलांनी काढून पूर्णांकात घेतला की ९९ मिळू शकतात.

इथेच ती चलांची अट कामी येते. दोन्ही आकडे थेट लिहिलेत, तर जीसीसी हा कंपायलर ते गणित कंपाइल करतानाच सोडवून टाकतो, तेही एमपीएफआर या नेमक्या गणिताच्या लायब्ररीने. उत्तर अचूक येतं, तुम्ही खूश होता. मग घातांक सेन्सरमधून किंवा लूपमधून आला की बोर्डावरचं खरं पॉव चालतं आणि ९९ येतात. लिनक्सवर गणिती लायब्ररी लिंक न करताही छोटा नमुना चालतो आणि मोठा प्रोग्रॅम ‘पॉव सापडत नाही’ म्हणून अडतो, त्याचंही बहुतेकदा हेच कारण.

आजच्या ग्लिबसीबद्दल (लिनक्सवरची सीची मूळ लायब्ररी) मात्र चांगलं बोलायला हवं. २०१८च्या २.२८ आवृत्तीत पॉव नव्याने लिहिलं गेलं. शेवटच्या राउंडिंगआधीची चूक इतकी बारीक ठेवली आहे, की खरं उत्तर डबलमध्ये अचूक बसत असेल तर तेच मिळतं. त्याआधीच्या आवृत्त्यांत अवघड आकड्यांसाठी एक अतिसंथ वाट होती. तीही काढून टाकली. म्हणजे ग्लिबसीवर ५ चा वर्ग २५च. तरीही ३ चा ३४वा ८ वरच संपणार, कारण दोष फंक्शनचा नाही, डबलच्या मापाचा आहे.

एलएलराउंड (जवळच्या पूर्णांकाकडे नेणारं फंक्शन) लावून छाटण्याचा दोष जातो, ५३ बिटांचा जात नाही. पूर्णांकांसाठी पॉवला दहापैकी तीन गुण, आणि तेही ग्लिबसीकडे पाहून. अपूर्णांकांसाठी तेच फंक्शन नऊ गुणांचं आहे. २ चे घात काढायला पॉव बोलावणं म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा: १ ला हवे तितके बिट डावीकडे सरकवा, झालं. फक्त तो १ आधी ६४ बिटी करून घ्या, नाहीतर ३० जागांनंतर पंचाईत.

आणि सी, सी++, जावा, पायथन या सगळ्यांत टोपीचं चिन्ह घात नव्हे, एक्सॉर (दोन संख्यांचे बिट वेगळे असतील तिथे १ देणारी क्रिया) आहे. १०^९+७ असं लिहिलंत तर बेरीज आधी होते, मग १० आणि १६ यांचा एक्सॉर, उत्तर २६. कोडशेफ-कोडफोर्सेससारख्या प्रोग्रॅमिंग स्पर्धांत नवखे लोक यात हमखास सापडतात. कंपायलरांपैकी क्लँग १० पासून आणि जीसीसी १३ पासून २^१६ सारख्या सरळ रूपांना वॉर्निंग देतात. ती बंद करू नका.

सीवाल्यांनी मग काय करायचं

आठ-दहा ओळींचं फंक्शन स्वतः लिहायचं. पद्धत जुनी आहे; २ चा घात काढताना घातांक निम्मा करत जायचा आणि वर्ग करायचा, ही युक्ती पिंगलाच्या छंदःसूत्रांतही आहे. उत्तर १ ठेवा. घातांकाचा शेवटचा बिट १ असेल तर उत्तराला पायाने गुणा. घातांक एक बिट उजवीकडे सरकवा. पायाचा वर्ग करा. घातांक शून्य होईपर्यंत चालू ठेवा.

३ चा ३९वा घेऊ. ३९ म्हणजे ३२+४+२+१. पाया क्रमाने ३, ९, ८१, ६५६१, ४३०४६७२१, १८५३०२०१८८८५१८४१ होतो. उत्तर ३, मग २७, मग २१८७, मग ६५६१ आणि ४३०४६७२१ या दोघांना वगळून थेट ४०५२५५५१५३०१८९७६२६७. पाच वर्ग, तीन गुणाकार, एकूण आठ. एकेक तीन गुणत गेलं तर ३८ लागतात.

आता ही पद्धत जशीच्या तशी लिहिली तर एक खोड राहते, आणि इंटरनेटवरच्या बऱ्याच नमुन्यांत ती आहेच. ३२वाला बिट वापरून झाल्यावर लूप बाहेर पडण्याआधी पायाचा आणखी एक वर्ग करून ठेवतो: ३ चा ६४वा घात, जो ६४ बिटांत मावणं शक्यच नाही. त्या वर्गाचा उपयोग शून्य. पण सीमध्ये चिन्हासहित पूर्णांक ओसंडला की वागणूक अनडिफाइन्ड, म्हणजे पुढे काय होईल याची भाषा हमी देत नाही. उत्तर बरोबर आहे, बहुतेकदा बरोबरच येतं, आणि तरी सॅनिटायझर (चालत्या प्रोग्रॅममधल्या चुका पकडणारं साधन) बोंब मारतो किंवा ऑप्टिमायझर काहीतरी भलतंच गृहीत धरतो. ओव्हरफ्लोची (उत्तर ओसंडण्याची) तपासणी लावली असेल तर आणखी गंमत: मावणाऱ्या उत्तरालाही ‘मावत नाही’ म्हणून नकार मिळतो. उपाय एका ओळीचा. घातांक सरकवल्यावर तो शून्य झाला का पाहा, झाला असेल तर वर्ग न करता बाहेर पडा.

ओव्हरफ्लो पकडायला जीसीसी आणि क्लँगमध्ये तपासून गुणणारं बिल्टइन आहे, सी२३ मध्ये तेच सीकेडी_मल नावाने मानकात आलं. दोन्ही नसतील तर गुणण्याआधी कमाल संख्येला पायाने भागून तुलना करा. पाया शून्य किंवा ऋण असेल तेव्हाच्या फांद्या मात्र विसरू नका.

घातांक ऋण असेल तर पूर्णांकी फंक्शनने नकार द्यावा. १ आणि उणे १ हे दोनच पाये सोडले तर उत्तर पूर्णांक नसतंच. अपूर्णांकी फंक्शनात लोक घातांकाचं चिन्ह बदलतात आणि पुढे जातात. घातांक −२१४७४८३६४८ असला की ३२ बिटांत त्याचं धन रूपच नसतं. मुलाखतीतला आवडता खड्डा. घातांक आधी चिन्हरहित प्रकारात घ्या, मग चिन्ह बदला.

गुणाकार याहून कमी करता येतात का? येतात. १५ साठी वरच्या पद्धतीला सहा लागतात. पण घन काढून, त्याचा दोनदा वर्ग करून, पुन्हा घनाने गुणलं तर पाचच. घातांक आधीच ठाऊक असेल तर जीसीसी अशा साखळ्यांचा तक्ता वापरतो. डबलसाठी मात्र फास्ट-मॅथ (नेमकेपणापेक्षा वेगाला झुकतं माप देणारा पर्याय) चालू असेल तरच, कारण राउंडिंग बदलतं. घातांक चालू प्रोग्रॅममध्ये ठरत असेल तर या वाटेला जाऊ नका, साखळी शोधायचा खर्च वाचलेल्या गुणाकारापेक्षा जास्त.

पायथन: या यादीतलं सर्वांत दिलदार

पायथनचे पूर्णांक लागेल तेवढी जागा घेतात, त्यामुळे ३**४० विचारा (** हे पायथनमधलं घाताचं चिन्ह) नाहीतर ३**४००, उत्तर पूर्ण आणि अचूक. ०**० ला १. घातांक लहान असेल तर डावीकडून उजवीकडे बिट वाचत जाणारी पद्धत, फार मोठा झाला की पाच-पाच बिटांच्या खिडकीने. डावीकडून वाचण्याचा फायदा मोठ्या संख्यांत कळतो: मधले गुणाकार मूळ छोट्या पायाने होतात. उजवीकडून आलं तर दोन्ही बाजूला अवाढव्य संख्या असतात. स्वतःचं मोठ्या पूर्णांकांचं काम लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. १०**-२ लिहिलंत की ०.०१, म्हणजे दोन पूर्णांकांतून फ्लोट (पायथनमधला डबल) बाहेर पडतो आणि पुढचा सगळा हिशेब हळूच डबलमध्ये शिरतो. घातांक वापरणाऱ्याकडून येत असेल तर आधीच तपासा. -२**२ उणे ४ आहे. २**३**२ हे ५१२, कारण उजवीकडचा घात आधी. आणि मॅथ मॉड्यूलमधलं पॉव  ** चा भाऊ नव्हे. ते सीसारखं सगळं फ्लोट करून टाकतं. ‘मॅथमधलं आहे म्हणजे जास्त नेमकं असेल’ या समजाने पूर्णांकांवर ते वापरलेलं फार ठिकाणी दिसतं.

३.११ पासून आणखी एक धक्का: २**२०००० काढता येतो, छापता येत नाही. ६०२१ अंक होतात आणि पूर्णांकाचं दशमान मजकुरात रूपांतर मुळात ४३०० अंकांवर अडवलेलं आहे. ती मर्यादा मुद्दाम आहे, कारण लांबलचक अंक पाठवून सर्व्हर गुंतवून ठेवता यायचा. मर्यादा सिस मॉड्यूलमधून वाढवता येते. हेक्समध्ये छापायला ती लागूच नाही.

खरं रत्न म्हणजे तीन आकडे घेणारं पॉव. पाया, घातांक, भाजक. ३**(१०**९) ची बाकी काढायला आधी पूर्ण घात काढाल, तर सुमारे ४७ कोटी ७१ लाख अंकांची संख्या तयार होईल. पॉवला तीन आकडे दिलेत तर २९ वर्ग आणि १२ गुणाकार, प्रत्येक पायरीला बाकी, काम संपलं. ३.८ पासून घातांक ऋणही चालतो: पॉव(३८, -१, ९७) हे २३ देतं, कारण ३८ गुणिले २३ म्हणजे ८७४, आणि ८७४ मधून ९७ च्या नऊ पटी काढल्या की १ उरतो. भाजक १ असेल तर ५ च्या शून्याव्या घाताला ० मिळतं, तेच बरोबर. दहापैकी नऊ, एक गुण त्या ऋण घातांकाच्या फ्लोटसाठी कापला.

नमपाय ही पायथनची आकड्यांच्या रांगांची लायब्ररी मात्र वेगळं प्रकरण, पायथनच्या नावाला भुलू नका. तिथे पूर्णांक ठरावीक मापाचे. ६४ बिटी रांगेतल्या १० चा २०वा घात ७७६६२७९६३१४५२२४१९२० येतो, चूपचाप. विंडोजवर नमपाय २.० येईपर्यंत न सांगता ३२ बिटी पूर्णांक मिळायचे, म्हणजे दहाव्या घातालाच गडबड. ऋण पूर्णांकी घातांकाला ते एरर देतं, एवढं चांगलं. मोठे घात हवेत तर रांगेचा प्रकार ऑब्जेक्ट ठेवा. वेग जाईल, उत्तर राहील.

जावा

मॅथ.पॉव डबलचंच, पण जावाने एक लेखी हमी दिली आहे: दोन्ही आकडे पूर्णांक असतील आणि खरं उत्तर डबलमध्ये अचूक बसत असेल, तर तेच मिळेल. सीच्या मानकात अशी हमी नाही. त्यामुळे ५३ बिटांच्या आत जावा निर्धास्त वापरा. बाहेर गेल्यावर सापळा वेगळ्या जातीचा. १० चा १०वा घात काढून इंटमध्ये (३२ बिटी पूर्णांकात) घातला की २१४७४८३६४७ मिळतात, कारण जावा मोठ्या डबलला कमाल इंटवर थांबवते. आकडा तोंडओळखीचा असल्याने निदान संशय तरी येतो.

लागेल तेवढी जागा घेणाऱ्या बिगइंटिजरचं पॉव चोख आहे. पायातले दोनचे घटक आधी बाजूला काढून शेवटी शिफ्टने परत लावतं, म्हणजे दहाचे घात पाचच्या घातांच्या खर्चात. घातांक इंटच हवा, ऋण चालत नाही, एक्सेप्शन येतं. बाकीसकट घातासाठी मॉडपॉवही आहे, आणि विषम भाजकाला ते मोंटगोमेरी (भागाकार टाळून बाकी काढणारी) पद्धत वापरतं. आठ गुण.

रस्ट: पूर्णांकांसाठी सर्वांत नीट मांडलेलं

घात हा पूर्णांकाचाच गुण आहे, डबलची भानगड नाही. घातांक चिन्हरहित ३२ बिटी, त्यामुळे ऋण घातांक मुळात देताच येत नाही. शेवटच्या फुकटच्या वर्गाची खोड स्टँडर्ड लायब्ररीने मुद्दाम टाळली आहे. आणि मूळ निकषावर तर निवड तुमच्या हाती: चेक्ड_पॉव मावलं नाही तर ‘नाही’ सांगतं, सॅच्युरेटिंग_पॉव कमालीवर थांबतं, रॅपिंग_पॉव गुंडाळतं (न मावणारे वरचे बिट टाकून देतं), ओव्हरफ्लोइंग_पॉव गुंडाळून वर झेंडाही दाखवतं. वाचणाऱ्यालाही लिहिणाऱ्याचा इरादा कळतो.

साधं पॉव मात्र डीबगमध्ये पॅनिक होतं (प्रोग्रॅम थांबवतं) आणि रिलीजमध्ये मुळात गुंडाळतं. चाचण्या डीबगमध्ये, ग्राहक रिलीजवर, असा घोळ नको असेल तर कार्गो या रस्टच्या बिल्ड साधनाच्या प्रोफाइलमध्ये ओव्हरफ्लो-चेक्स चालू करा. बाकीसकट घाताची सोय नाही, ती क्रेटमधून (बाहेरच्या लायब्ररीतून) किंवा हाताने. नऊ गुण, पायथनच्या बरोबरीने. छोट्या मापाच्या पूर्णांकांसाठी माझी पसंती रस्टच.

बाकीचे, धावत

जावास्क्रिप्टचा  ** २०१६च्या मानकात आला. साध्या संख्यांवर सगळं डबल. -२**२ लिहिलंत तर सरळ सिंटॅक्स एरर, कंस घाला म्हणून. हा निर्णय मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. बिगइंटवर  (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) ** अचूक, पण बिगइंट आणि साधी संख्या मिसळता येत नाही आणि मॅथ.पॉव बिगइंट घेत नाही. बाकीसकट घाताची सोय नाही.

गो भाषेत पूर्णांकांचा घात नाहीच. मॅथ.पॉव फ्लोटचं; मोठ्या पूर्णांकांसाठी बिग पॅकेजमधलं एक्स्प. ते भाजक न देता ऋण घातांकाला १ परत करतं. दस्तऐवजात लिहिलेलं आहे, पण कोण वाचतो!

ज्युलिया भाषेची मांडणी देखणी, पण २^६३ ऋण येतो आणि २^६४ शून्य. मोठ्या संख्या हव्यात तर पाया बिग करून घ्या.

एक्सेल पंधरा सार्थ अंकांपलीकडे दाखवत नाही आणि =-२^२ चं उत्तर ४ देतं. गणिताच्या पुस्तकात आणि पायथनमध्ये ते उणे ४. तोच फॉर्म्युला एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना कंस टाकूनच न्या.

जीएमपी आणि बाकीसकट घात

हजारो अंकांचं काम सी किंवा सी++मध्ये करायचं तर जीएमपी या मोठ्या संख्यांच्या लायब्ररीला पर्याय शोधत बसू नका. साधा घात, बाकीसकट घात, आणि गुप्त घातांकासाठी वेगळं सुरक्षित फंक्शन, तिन्ही आहेत. दोष एकच: मेमरी संपली की एरर परत न करता अख्खा प्रोग्रॅम बंद पाडतं. घातांक बाहेरून येत असेल तर आधी अंदाज घ्या; पायाचे बिट गुणिले घातांक, एवढे बिट लागणार.

गुप्त घातांकाचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. वर दिलेल्या पद्धतीत बिट १ असेल तर जादा गुणाकार होतो, म्हणजे लागणारा वेळ घातांकाबद्दल चुगली करतो. पॉल कोचर यांनी १९९६ मध्ये हे हल्ले मांडले. आरएसए या गुप्तलेखन पद्धतीत उघड्या किल्लीचा घातांक बहुतेकदा ६५५३७ असतो, १६ वर्ग आणि एक गुणाकार, तिथे लपवायचं काहीच नाही. खासगी किल्लीसाठी मात्र पायथनचं पॉव किंवा हाताने लिहिलेला लूप नको. जीएमपीचं सुरक्षित रूप किंवा नावाजलेली क्रिप्टो लायब्ररी घ्या. सुरक्षित रूपाला भाजक विषम आणि घातांक धन लागतो.

स्पर्धेसाठी स्वतःचा बाकी-घात लिहीत असाल तर तीन ठिकाणी बोट ठेवा. उत्तराची सुरुवात १ ने नव्हे, ‘१ ची भाजकाने बाकी’ने करा, नाहीतर भाजक १ असताना चुकाल. पाया आधीच भाजकाच्या आत आणा, आणि तो ऋण असेल तर सीची बाकीही ऋण येते, भाजक मिळवून घ्या. तिसरं, १००००००००७ भाजकाला दोन बाक्यांचा गुणाकार १० च्या १८व्या घाताच्या जरासा वर जातो, ६४ बिटांत बसतो. भाजक स्वतःच तेवढा मोठा असेल तर गुणाकार १२८ बिटी प्रकारात करावा लागतो.

पाया अपूर्णांक, घातांक पूर्णांक

इथे एक गैरसमज पक्का रुतलेला आहे: वर्ग करत गेलं की गुणाकार कमी, म्हणून चूकही कमी. तसं होत नाही. प्रत्येक वर्गात आधी साठलेली सापेक्ष चूक दुप्पट होते आणि त्यात नवी भर पडते. हिशेब मांडलात तर ‘न’ हा घातांक धरून न-वा घात काढताना जास्तीत जास्त चूक न-१ राउंडिंगांएवढीच निघते, एकेक गुणाकार केला तरी तेवढीच. वेळ वाचतो, अचूकता नाही. जीसीसीच्या पॉवआय बिल्टइनबद्दल दस्तऐवजात अचूकतेची हमी नाही असं स्पष्ट म्हटलंय, ते याचसाठी. घातांक दोन-तीन असेल तर गुणाकार लिहा. शेकड्यात असेल आणि अचूकता हवी असेल तर पॉवच बरं. वेगही हवा, अचूकताही हवी, तर प्रत्येक गुणाकाराची उरलेली चूक एफएमएने (गुणाकार-बेरीज एकाच राउंडिंगमध्ये करणाऱ्या क्रियेने) काढून दुसऱ्या डबलमध्ये सांभाळत न्या.

ऋण घातांकाला आधी १ भागिले पाया करू नका, त्या भागाकाराची चूक घातांकाइतक्या पटीने फुगते. आधी घात, मग व्यस्त. याला एक अपवाद: २ चा -१०७४वा घात हा डबलमधला सर्वांत छोटा धन आकडा आहे, पण २ चा १०७४वा घात अनंत होतो आणि त्याचा व्यस्त शून्य. अशा टोकाला पॉवच वापरा.

चक्रवाढीचं गणित तर आणखी फसवं. १.०००००१ चा दहा लाखावा घात घ्या. ही संख्या डबलमध्ये नेमकी बसत नाही. साठवतानाची सापेक्ष चूक १० च्या उणे सोळाव्या घाताच्या आसपास, ती दहा लाखपट होऊन उत्तराच्या दहाव्या अंकापर्यंत पोचू शकते. पॉव कितीही नेमकं असो, त्याच्या हाती आलेला पायाच चुकलेला. इथे ०.०००००१ वेगळं ठेवा, त्यावर लॉग१पी (आत १ मिळवून लॉग काढणारं फंक्शन) लावा, दहा लाखाने गुणा, मग एक्स्प घ्या. उत्तर २.७१८२८०४६९ च्या आसपास यायला हवं. सी२३ मध्ये यासाठी कंपाउंडएन नावाचं फंक्शनच दिलं आहे, व्याजदर आणि हप्त्यांची संख्या द्यायची, १ मिळवण्याची भानगड ते आत सांभाळतं. तुमच्या लायब्ररीत ते आलं असेल तर चक्रवाढीसाठी पॉवला सुट्टी द्या.